कोंडवाडा : कवितेआधीचा इतिहास
(पेण-रोह्याच्या निमित्ताने)

दया पवार यांचा 'कोंडवाडा' हा कवितासंग्रह १९७४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून हा शब्द मराठी समीक्षेत एक प्रतिमा म्हणून स्थिरावला आहे. घुसमट, बंदिवास, जातिव्यवस्थेने घातलेली कोंडी हे त्याचे अर्थ आपण वर्गात सांगतो, विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात आणि शब्दाचे काम संपते. हे अर्थ चुकीचे नाहीत, परंतु ते अपुरे आहेत. कोंडवाडा ही कवीने कल्पिलेली जागा नव्हती. ती कायद्याने निर्माण केलेली एक सार्वजनिक संस्था होती. तिला रखवालदार होता, नोंदवही होती, दंडाचा तक्ता होता, लिलावाची रीत होती. प्रतिमा जिच्यातून आली ती वस्तू नेमकी कशी होती हे ठाऊक नसेल, तर प्रतिमेचा निम्मा अर्थ वाचकाच्या हातून निसटतो. जनावर पाळण्यासाठी कोणाची परवानगी लागत होती, ती कोणाकडून घ्यावी लागत होती, आणि ती नसली तर काय होत होते, या वरवर रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नांच्या वाटेने या शब्दाकडे जाण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी आजच्या रायगड आणि १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील पेण आणि रोहे हा टापू डोळ्यांसमोर ठेवला आहे.

हाच टापू का, असे कोणी विचारील. पेण भोगावतीच्या काठी, रोहे कुंडलिकेच्या काठी. दोन्ही ठिकाणी एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. खाडीच्या अंगाला खारे पाणी बांध घालून अडवलेली भातशेते, म्हणजे खारबंदिस्तीची जमीन. डोंगराच्या अंगाला वरकस जमीन आणि तिच्या वर जंगल. आणि मधल्या पट्ट्यात बाजारपेठेचे गाव, जिथे नगरपालिका आली. शेत, जंगल आणि नगर या तिन्ही जागा एका गुराख्याच्या दिवसभराच्या पायपिटीत येतात. एकोणिसाव्या शतकात या तिन्ही जागांसाठी तीन वेगवेगळे कायदे झाले, आणि एकच म्हैस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिन्ही कायद्यांच्या हद्दीतून फिरू लागली. सरकारी कागदाचा आणि जनावराचा संबंध पाहण्यासाठी याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल.

इंग्रजी अमलापूर्वी जनावरांवर राज्याची नजर नव्हती असे समजण्याचे कारण नाही. मराठेशाहीच्या महसुली कागदांत 'म्हैसपट्टी', 'वनचराई', 'शिंगशिंगोटी' अशी करांची नावे आढळतात. या पट्ट्यांमागे 'जनावर आहे म्हणजे उत्पन्न आहे, आणि उत्पन्न आहे म्हणजे त्यात राज्याचा वाटा आहे' एवढा सरळ हिशोब होता. जनावराने कोठे असावे हा प्रश्न मात्र मुख्यतः गावाने आपसात सोडवायचा होता. कोकणातील भातशेतीचा क्रमही तसाच होता. पेरणीपासून कापणीपर्यंत गुरे राखायची. भात कापून, झोडून घरात आले की ती मोकळी सोडायची. मोकळ्या शेतात गुरे फिरली तर शेताला शेण मिळते, गुरांना धसकटे आणि बांधावरचे गवत मिळते. वर्षाच्या काही महिन्यांत शेत हे मालकाचे असते आणि काही महिन्यांत ते जवळजवळ सगळ्या गावाचे होते, अशी ही अलिखित व्यवस्था होती. तिच्यातही तंटे होतेच. भातानंतरच्या ओलीवर वाल पेरणारा शेतकरी आणि गुरे मोकळी सोडणारा शेजारी यांचे भांडण या भागाला नवे नाही. पण या भांडणासाठी भाषेकडे स्वतःचे शब्द होते. वारंवार दुसऱ्याच्या पिकात शिरणारे गुरू 'ओढाळ', आणि त्याच्या गळ्यात बांधायचे लाकूड म्हणजे 'लोढणे'. ओढाळपणा हा त्या एका जनावराचा स्वभावदोष मानला जाई, आणि लोढणे हा त्याच्यावरचा घरगुती उपाय होता. त्यात गुन्हा नव्हता.

१८५७ साली आणि नंतर अधिक सविस्तरपणे १८७१ साली हिंदुस्थान सरकारने 'कॅटल ट्रेसपास ॲक्ट' संमत केला. ट्रेसपास म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत केलेला अनधिकृत प्रवेश. ही कल्पना इंग्लंडच्या ग्रामीण कायद्यातून आली. तिकडे प्रत्येक खेड्यात भटकी जनावरे अडकवण्याचा दगडी वाडा असे, आणि नुकसान करणारे जनावर जप्त करण्याचा हक्क शेतमालकाला असे. परंतु तिकडची बरीचशी शेते कुंपणाने बंदिस्त झालेली होती. भाताच्या बांधांखेरीज जिथे कुंपण नव्हते, तिथे हाच नियम लागू झाल्यावर त्याचा अर्थ बदलला. जी हद्द जमिनीवर दिसत नव्हती, ती आता कागदावर होती. आणि ती ओळखण्याची जबाबदारी जनावराच्या मालकावर आली.

या कायद्याची कलमे साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी सावकाश वाचावीत. शेत कसणाऱ्याला किंवा त्याचा ताबा असणाऱ्याला आपल्या पिकाचे नुकसान करणारे जनावर पकडून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवण्याचा अधिकार त्यात दिला आहे. पण हा अधिकार त्याच्यापुरताच नाही. पिकासाठी ज्याने आगाऊ रक्कम दिली आहे, ज्याने उभे पीक विकत घेतले आहे किंवा गहाण ठेवून घेतले आहे, त्यालाही तो आहे. म्हणजे सावकार स्वतः कधी शेतात उतरला नसला तरी त्या शेतात आलेली गाय तो कोंडवाड्यात घालू शकत होता. सार्वजनिक रस्ते, कालवे, बांध आणि लागवडी यांची देखरेख करणाऱ्यांना आणि पोलिसांनाही तोच अधिकार होता. जिथे शेतीच मुळी बांधावर उभी आहे, अशा खाडीकाठच्या मुलखात सार्वजनिक बांधांच्या उतारावर चरणारे गुरू हे या कलमाच्या सरळ कक्षेत येत होते.

कोंडवाड्यातील रखवालदाराने नोंदवही ठेवावी, असे कायदा सांगतो. त्या वहीत जनावरांची संख्या आणि वर्णन, ती आणल्याचा दिवस व वेळ, आणणाऱ्याचे नाव व राहण्याचे ठिकाण, आणि ठाऊक असल्यास मालकाचे नाव लिहायचे. जनावरांना चारा-पाणी द्यायचे, त्याचा खर्च मालकाकडून घ्यायचा आणि त्यावर दंडही घ्यायचा. दंडाचा मूळ तक्ता असा होता : हत्तीला २ रुपये, उंट किंवा म्हशीला ८ आणे, घोडा, खेचर, बैल, गाय, कालवड यांना ४ आणे, वासरू, गाढव, डुक्कर यांना २ आणे, मेंढी, शेळी, करडू यांना १ आणा. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचे. मग नोटीस लावायची, जनावर जिथे पकडले त्या गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, आणि आणखी सात दिवस वाट पाहून जाहीर लिलाव करायचा. या लिलावात पोलिसांनी किंवा रखवालदाराने स्वतः वा दुसऱ्याच्या नावाने जनावर विकत घेऊ नये, असे एक स्वतंत्र कलम आहे. कायदा करणाऱ्यांना कोणती शक्यता दिसत होती, ते या कलमावरून स्पष्ट होते. बेकायदेशीर जप्तीविरुद्ध मॅजिस्ट्रेटकडे दाद मागण्याची सोय होती, पण ती दहा दिवसांत मागायला हवी होती. डोंगरातल्या वाडीवरून तालुक्याच्या गावी जाऊन तक्रार गुदरण्यासाठी दहा दिवस किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रेमचंदांच्या 'दो बैलों की कथा' (१९३१) या कथेतील 'कांजी हाउस' म्हणजे हाच कोंडवाडा. हिरा आणि मोती हे बैल तेथे आठवडाभर उपाशी बांधलेले राहतात, मग वाड्यासमोर एके दिवशी डुगी वाजते आणि लिलाव होतो. कथेतील डुगी ही कायद्याने सांगितलेली दवंडी आहे. आठवडा हाही कायद्याच्या परिचयाचा काळ आहे. फक्त कायद्यात लिहिलेला चारा कथेत मिळत नाही. कायद्याची कलमे आणि कथेचा तपशील शेजारी ठेवून पाहिले, की लेखकाने कल्पनेने काय घातले आणि व्यवहारातून काय उचलले, हे उमगू लागते.

दंडाच्या तक्त्याकडे पुन्हा वळू. गायीला ४ आणे आणि म्हशीला ८ आणे हा फरक कागदावर लहान दिसतो. परंतु रायगडच्या डोंगरमाथ्यांवर वस्ती करून राहणाऱ्या गवळी धनगरांचा संसार म्हशींवर चालत आला आहे. म्हशींचा कळप ओढाळ झाला तर दंड डोईप्रमाणे, म्हणजे प्रत्येक म्हशीमागे वेगळा. ज्याच्याकडे स्वतःची जमीन आहे त्याचे जनावर निदान काही काळ स्वतःच्या हद्दीत असते. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याचे जनावर गोठ्याबाहेर पाऊल टाकताच कोणाच्या तरी हद्दीत असते. एकच दंड सर्वांना सारखा लावणारा हा कायदा भूमिहीनाच्या बाबतीत त्याच्या पशुपालनावरच बसलेला कर ठरत होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत स्थानिक निधीचे जे पोटविभाग दिले आहेत, त्यांत रस्त्यावरचा टोल, तरीचे उत्पन्न, शाळेची फी यांच्या रांगेत कोंडवाड्याचे उत्पन्नही बसलेले दिसते. कोंडवाडा ही शिक्षेची जागा होती, तशीच ती उत्पन्नाची बाबही होती.

दुसरी जागा जंगलाची. १८७८ च्या वन अधिनियमाने जंगलांचे 'राखीव' आणि 'संरक्षित' असे वर्ग पाडले. राखीव जंगलात परवानगीवाचून गुरे चारणे हा गुन्हा ठरला. चराईसाठी पास आणि फी आली. 'वनचराई' पूर्वीही होती, मग फरक कोणता? पूर्वीची पट्टी चराई गृहीत धरून तिच्यावर वसुली करीत होती. नवा पास चराई मुळात निषिद्ध धरून तिला अपवाद म्हणून मुभा देत होता. परवानगीचा खरा अर्थ येथे आहे. जे काल रीत म्हणून होत होते, ते आज मेहेरबानी म्हणून होऊ लागते.

जोतीराव फुले यांनी १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर जी टीका केली, तिचा रोख हाच होता. गावोगावची गायराने आणि डोंगरदऱ्यांतील चराई सरकारने जंगलात घातल्यामुळे शेतकऱ्याच्या शेळीलाही जागा उरली नाही, असा त्यांचा आक्षेप होता. फुल्यांनी येथे शेळीचे नाव घ्यावे हे अर्थपूर्ण आहे, कारण शेळी हे ज्याला गाय परवडत नाही त्याचे जनावर. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ साली मुंबई सरकारला त्यांच्या चौकशीसाठी खास वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राबासाठी तोडायच्या फांद्या, सरपण आणि चराई हे त्यातले मुख्य प्रश्न होते. पेण आणि रोह्याच्या डोंगरांतील ठाकूर-कातकऱ्यांचे जगणे या तीन गोष्टींशी बांधलेले होते.

राखीव जंगलात शिरलेले जनावर कोंडवाड्यातच जात होते. वनकायद्याने १८७१ च्या कायद्याशी स्वतःला जोडून घेतले होते. जंगलातील गुरू हे सार्वजनिक लागवडीचे नुकसान करणारे गुरू समजावे, अशी ही जोडणी होती. १९२७ च्या वन अधिनियमात जंगलातील दंड वाढवण्याची मर्यादा दिली आहे, आणि ती १८७१ च्या मूळ तक्त्याशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. हत्तीचा दंड २ रुपयांवरून १० रुपयांपर्यंत, म्हणजे पाचपट वाढवता येत होता. म्हशीचा ८ आण्यांवरून २ रुपयांपर्यंत, म्हणजे चौपट. गायीचा ४ आण्यांवरून १ रुपयापर्यंत, हाही चौपट. शेळीचा मात्र १ आण्यावरून ८ आण्यांपर्यंत, म्हणजे आठपट. कोवळी झाडे खाणारे जनावर म्हणून वनखात्याचा शेळीवर रोष होता, हे त्याचे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण तक्त्यातील सर्वांत मोठी वाढ सर्वांत गरीब मालकाच्या वाट्याला आली, हेही तितकेच खरे आहे.

या असंतोषाचा एक स्फोट याच जिल्ह्यात झाला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार झाला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली. चिरनेर आज उरण तालुक्यात आहे. त्या वर्षी मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी झालेल्या जंगल सत्याग्रहांना राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात स्थान मिळाले आहे, पण त्यांच्या मुळाशी गवत, लाकूड आणि गुरे होती, हे विसरून चालणार नाही. मिठाप्रमाणेच गवत हीदेखील परवानगीवाचून घ्यायची वस्तू होती.

तिसरी जागा नगराची. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमाने नगरपालिकांना जे कर बसवण्याचा अधिकार दिला, त्यांत हद्दीत वापरण्यासाठी ठेवलेली स्वारीची, ओढकामाची किंवा ओझ्याची जनावरे, हद्दीत येणारी जनावरे, आणि हद्दीत पाळलेले कुत्रे या सर्वांवरील करांचा समावेश होता. पेण आणि कुंडलिकेच्या दोन्ही तीरांना जोडणारे रोहे-अष्टमी ही अशाच नगरपालिकांची गावे. गोठे, तबेले आणि दूधधंदा यांच्यावर उपविधींनी नियंत्रण ठेवण्याचे अधिकारही नगरपालिकांकडे होते. कुत्र्यावर कर बसवण्याची तरतूद १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमातही ऐच्छिक करांच्या यादीत राहिली. शहराच्या कायद्याने जनावराकडे दोन नजरांनी पाहिले. ओझे वाहणारे जनावर हे करपात्र वाहन ठरले, आणि न वाहणारे ते आरोग्याचा प्रश्न ठरले. मुंबईसारख्या महानगरात हाच विचार पुढे जाऊन गोठे शहराबाहेर हलवण्यासाठी आरे दुग्ध वसाहत १९४९ साली उभी राहिली, आणि १९७६ साली नागरी भागात गुरे ठेवण्यावर व त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा स्वतंत्र राज्य कायदा झाला. त्याअन्वये जाहीर झालेल्या नागरी क्षेत्रात गाय-म्हैस ठेवण्यासाठीच परवाना लागू लागला. शेताच्या आणि जंगलाच्या कायद्यांनी 'जनावर कोठे आहे' एवढेच विचारले होते. 'जनावर ठेवावे की नाही' हा प्रश्न नगराने विचारला.

येथपर्यंत जनावरांचा इतिहास झाला. पण कुलाबा जिल्ह्याचा आणि नगरपालिकेचा उल्लेख आल्यावर याच जिल्ह्यातील महाड बाजूला ठेवता येत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपल्या अखत्यारीतील चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक त्या तळ्यावर पाणी प्यायला गेले, तेव्हा काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. तळ्यावर पाणी पिणाऱ्या गुरांना कोणाची हरकत नव्हती. माणसे पाणी प्यायली तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला, आणि नंतर तळ्याची 'शुद्धी' पंचगव्याने, म्हणजे गायीपासून मिळणाऱ्या पदार्थांनी करण्यात आली. या हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागायला १९३७ साल उजाडले.

परवानगीच्या भाषेत ही घटना मांडून पाहावी. शेतात, जंगलात आणि नगरात जनावराला पास, पावती, कर लागत होता. तळ्यावर मात्र त्याला काही लागत नव्हते. माणसाला तळ्यावर परवानगी लागत होती, आणि नगरपालिकेचा लेखी ठराव हातात असूनही ती मिळत नव्हती. म्हणजे ठरावापेक्षा बलवत्तर असा एक न लिहिलेला परवाना गावात अस्तित्वात होता, आणि तो देणारे कार्यालय कोणत्याही कायद्यात नमूद नव्हते.

आता 'कोंडवाडा' या शब्दाकडे परत येता येईल. कोंडवाड्यातील जनावराने केलेला अपराध कोणता? त्याने गवत खाल्ले किंवा पीक खाल्ले हा नव्हे, कारण खाणे हा त्याचा धर्मच आहे. तेच गवत तेच गुरू चार हात अलीकडे खात असते तर अपराध घडला नसता. अपराध फक्त जागेचा आहे. जिथे असू नये तिथे असणे, एवढाच. शिवाय त्या जनावराला हद्द कोठे आहे हे कोणी सांगितलेले नसते, पकडणारा बहुधा तक्रारदारच असतो, सुटकेसाठी किंमत द्यावी लागते, आणि ती दुसऱ्या कोणीतरी द्यायची असते. कोणी आले नाही तर दवंडी आणि लिलाव. दलित अनुभवासाठी हा शब्द निवडला गेला, तेव्हा त्यात 'तुरुंग' या शब्दाहून वेगळे काहीतरी होते. तुरुंगात जाणाऱ्यावर निदान कृत्याचा आरोप असतो. कोंडवाड्यात जाणाऱ्यावर केवळ अस्तित्वाच्या ठिकाणाचा आरोप असतो. गावकुसाबाहेर जन्मणे, पाणवठ्याची ठरलेली बाजू, रस्त्याची ठरलेली कड या सगळ्या हद्दी जन्माआधी आखलेल्या, आणि त्या ओलांडणे हाच गुन्हा. 'कोंडवाडा' या शीर्षकाचा अर्थ घुसमट एवढाच घेतला तर हा हद्दीचा आणि दंडाचा अर्थ हरवतो.

मराठी कवितेत याच जनावराचे दुसरे एक प्रसिद्ध रूप आहे. बहिणाबाई चौधरींच्या मनावरील कवितेतील 'वढाय' म्हणजे हेच ओढाळ. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाण्यांत मनाला पिकात शिरणाऱ्या, हाकलले तरी परत येणाऱ्या गुराची उपमा मिळाली. ती उपमा शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या कष्टकरी स्त्रीची आहे. तिच्यात त्रागा आहे, पण आपुलकीही आहे, कारण हाकलणारी व्यक्ती त्या जनावराला ओळखते. दया पवारांचा शब्द कुंपणाच्या आतून आलेला आहे. बांधावरून दिसणारे गुरू आणि वाड्याच्या आतून बोलणारे गुरू असा हा फरक आहे, आणि या दोहोंमध्ये १८७१ चा कायदा उभा आहे. लोढण्याच्या जगात ओढाळपणा स्वभाव होता. कोंडवाड्याच्या जगात तो नोंदवहीतील एक ओळ झाला. या दोन कविता एकत्र शिकवताना ग्रामीण आणि दलित अशी लेबले लावून थांबण्यापेक्षा हा फरक दाखवता आला, तर विद्यार्थ्यांना अधिक काही मिळेल असे वाटते.

या इतिहासाचा पुढचा भाग आज आपल्या डोळ्यांसमोर घडतो आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने परवान्याची दिशा बदलली. आता माणसाच्या पिकाऐवजी वन्य प्राण्याचे रक्षण हे कारण पुढे आले. एके काळी घरोघरी पिंजऱ्यात दिसणारा देशी पोपट पाळणे या कायद्याखाली गुन्हा ठरले. रोहे आणि मुरूड तालुक्यांत पसरलेले फणसाड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. अभयारण्याच्या आत आणि भोवतालच्या पाच किलोमीटरांतील पाळीव जनावरांचे लसीकरण करण्याची तरतूद १९९१ च्या दुरुस्तीने कायद्यात आली, आणि लस न टोचलेले जनावर अभयारण्यात चारण्यास मनाई झाली. हा नियम शास्त्राला धरून आहे, कारण गुरांचे रोग गव्या-सांबरांना होऊ शकतात. तरीही त्याची अंमलबजावणी अखेर त्याच डोंगरातल्या त्याच गुराख्याच्या दारात होते. २०२२ साली लम्पी त्वचारोग पसरला, तेव्हा राज्यभर गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. त्यानंतर कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला नसलेल्या जनावराची १ जून २०२४ पासून बाजारात खरेदी-विक्री होऊ नये, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला.

बारा अंकी बिल्ल्याने एक गोष्ट बदलली आहे. १८७१ च्या नोंदवहीत जनावराचे केवळ 'वर्णन' होते आणि मालकाचे नाव 'ठाऊक असल्यास' लिहायचे होते. आता जनावर स्वतःच कागद होऊन फिरते. साथीच्या काळात याचा उपयोग निर्विवाद आहे, आणि नुकसानभरपाई किंवा उपचार मिळवताना गरीब मालकाला त्या क्रमांकाचा आधारही होऊ शकतो. जुन्या काळातील सर्व काही चांगले आणि प्रत्येक नियम म्हणजे जुलूम, असा निष्कर्ष या लेखातून काढू नये. वालाच्या शेतात शिरलेल्या गुरांमुळे ज्याचे वर्षाचे कडधान्य गेले, त्या शेतकऱ्यालाही दाद मागण्याची जागा हवीच होती. प्रश्न नियम असण्याचा नाही. नियम जागेची मालकी गृहीत धरून लिहिला जातो, आणि ज्याला जागाच नाही तो त्या नियमात नेहमी ओढाळच ठरतो, हा प्रश्न आहे. गावच्या जनावरांना गायरानावर मोफत चराईचा हक्क १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमात आणि नंतर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही मान्य केलेला आहे. परंतु हक्काचे कलम शाबूत राहून गायरानच अतिक्रमणात किंवा अन्य उपयोगात गेले, तर ते कलम कोणी कोठे चारायचे? २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा निर्णय दिला, त्यामागे हीच चिंता होती. मात्र त्या अतिक्रमणांत भूमिहीनांच्या झोपड्याही असतात, आणि तेथे ओढाळ गुरांचा प्रश्न पुन्हा एकदा ओढाळ माणसांचा होतो.

कायद्याचे पुस्तक आणि कवितेचे पुस्तक ग्रंथालयात वेगवेगळ्या कपाटांत असतात. 'कोंडवाडा' शिकवणाऱ्या प्राध्यापकाने एखाद्या तासाला दंडाचा तो जुना तक्ता फळ्यावर लिहून दाखवावा, एवढीच या लेखाची सूचना आहे. हत्ती २ रुपये, म्हैस ८ आणे, गाय ४ आणे, शेळी १ आणा. आणि मग विद्यार्थ्यांना विचारावे, की या तक्त्यात कोणाचे जनावर कोणते होते, आणि दंड भरायला कोण येऊ शकत होते. संग्रहातील कवितांचे वाचन त्यानंतर सुरू केले, तर शीर्षकाचा शब्द त्यांना वेगळा ऐकू येईल.